एलिस स्प्रिंग्जहून आउटबॅकमधला एक दिवस: पक्षी आणि प्राणी खरोखर दिसावेत म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या वाळवंटी मुलखात, म्हणजे आउटबॅकमध्ये, वसलेल्या एलिस स्प्रिंग्जला लोक विमानाने उतरतात, गाडी भाड्याने घेतात, सकाळी आठला नाश्ता उरकून निघतात आणि दिवसभरात पश्चिम मॅकडॉनल डोंगररांगेतल्या पाच-सहा घळी पालथ्या घालतात. संध्याकाळी यादी उघडली की जेमतेम दहा-बारा नावं: गलाह, घार, कावळा आणि ‘एक छोटा तपकिरी पक्षी’. मग ठरतं की वाळवंटात काही नसतं. असतं भरपूर, पण सकाळचे पहिले दोन-अडीच तास आणि पाण्याची जागा सोडली तर ते सावलीत दडून असतं. लोक पक्षी ओळखायला कमी चुकतात, वेळापत्रकात जास्त चुकतात.

पुढची आखणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी आहे. जागा तीनच: पहाटे सिम्पसन्स गॅप, मग ऑर्मिस्टन घळ, संध्याकाळी परत गावाजवळ. गाडी एकूण २९० किलोमीटरच्या आसपास चालते आणि तेवढी पुरे. उलुरू हा प्रसिद्ध लाल खडक यात नाही. ते एलिस स्प्रिंग्जपासून रस्त्याने साधारण ४५० किलोमीटरवर आहे, त्याला वेगळा दिवस नव्हे, वेगळी सहल लागते.

## टप्पा १: महिना निवडा, घड्याळ लावा

मे ते सप्टेंबर हा चालण्याजोगा काळ. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशीपार जातो आणि सकाळी नऊनंतर पायी हिंडणं धोक्याचं होतं. जून-जुलैत हवा छान, पण रात्री तापमान शून्याखाली जाऊ शकतं आणि सरडे-घोरपडी जवळजवळ दिसत नाहीत. पक्षी आणि सरपटणारे प्राणी दोन्ही हवे असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर बरा. पहाटे ८ ते १० अंश, दुपारी २७ ते ३० अंश, आणि उत्तरेकडून रंगीत वेडे राघू परतू लागलेले असतात.

‘पाऊस झाला की जास्त दिसेल’ हे अर्धंच खरं. चांगला पाऊस झाला की गवताला बी धरतं, बजरीगर आणि कॉकटिएल हे छोटे पोपट मोठ्या संख्येने येतात, विणीचा हंगाम सुरू होतो. पण पाणी सगळीकडे साचलेलं असल्याने डोहावर कोणी येत नाही, सगळे पांगलेले असतात. पावसाला दोन-तीन महिने उलटून लहान डबकी आटली की तेच पक्षी मोजक्या पाणवठ्यांवर गोळा होतात. डोहाकाठी बसून पाहण्याची पद्धत कोरड्या दिवसांतच फळते.

एलिस स्प्रिंग्ज ज्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात आहे तिथलं घड्याळ भारतापेक्षा ४ तास पुढे आणि मेलबर्न-सिडनीपेक्षा अर्धा तास मागे असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून मेलबर्न-सिडनीची घड्याळं एक तास पुढे जातात, इथली जात नाहीत. तेव्हा फरक दीड तासाचा होतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय ६:४५ च्या आसपास, सूर्यास्त ६:२५ च्या आसपास. जुलैच्या मध्यात उजाडायलाच ७:२० होतात.

तपासा: फोनमधली वेळ एलिस स्प्रिंग्जची आहे ना? मेलबर्नच्या वेळेवर गजर लावून अर्धा तास आधीच अंधारात रस्त्यावर येणारे दर हंगामात असतात.

## टप्पा २: सामान

भारतातून थेट जाणाऱ्यांनी बुटांपासून सुरुवात करावी. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर माती लागलेले बूट, तंबू, काठ्या, सगळं जाहीर करावं लागतं. सह्याद्रीतली लाल माती तळव्याच्या खाचांत अडकलेली असते. घरीच जुना टूथब्रश आणि साबणाने खाच न् खाच घासून बूट वाळवा. खाण्याचं काहीही नेत असाल, चिवडा, लाडू, लोणचं, तर प्रवेशाच्या अर्जावर ‘हो’ लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो.

दुर्बीण ८×४२. १०×४२ चालते, पण खडकांतून उंदरासारख्या पळणाऱ्या पक्ष्यामागे ती फिरवताना ८ ची रुंद चौकट जास्त कामाला येते. स्पॉटिंग स्कोप फक्त संध्याकाळच्या तळ्यांसाठी लागतो. तिथे जाणार नसाल तर नेऊ नका. फोटो काढणाऱ्यांना ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. बाकीची यादी अशी:

- तोंडावर ओढायची माशांची जाळी. उन्हाळा जवळ आला की माशा डोळ्यांच्या कडेच्या ओलाव्यावर बसतात. दुर्बीण धरलेला हात त्यांना हाकलायला मोकळा नसतो. ही जाळी विनोदी दिसते म्हणून लोक घेत नाहीत आणि अकरा वाजता शोधत फिरतात.
- पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट, रुंद काठाची टोपी, पोटऱ्या झाकणारे गेटर. स्पिनिफेक्स हे गवत दिसतं, पण पात्यांची टोकं सुयांसारखी असून कातडीत मोडून राहतात. बारीक चिमटा जवळ हवाच.
- पहाटेसाठी फ्लीस आणि कानटोपी.
- दोन रुंद इलॅस्टिक बँडेज, १० ते १५ सेंटीमीटर रुंदीची. कशासाठी ते पुढे येतं.
- पाणी: दोन माणसांना गाडीत २० लिटर, शिवाय चालताना प्रत्येकाच्या पाठीवर ३ लिटर. गाडीतलं पाणी दिवसभर प्यायला नसून गाडी बंद पडली तर काढायच्या चोवीस तासांसाठी असतं. त्याला हात लावायचा नाही.

गावाबाहेर पडलं की बहुतेक फोनची रेंज जाते. म्हणून नकाशे, मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा ऑस्ट्रेलियाचा पॅक, यादीचं ॲप, सगळं आधीच उतरवून ठेवा. पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपलं ठिकाण उपग्रहामार्फत कळवणारं छोटं यंत्र, मिळत असेल तर घ्या. निदान हॉटेलवर किंवा ओळखीच्या कोणाला तरी ‘अमुक ठिकाणी जातोय, सातपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा’ असं लिहून कळवा.

## टप्पा ३: आदल्या संध्याकाळचं काम

१. पेट्रोलची टाकी गावातच पूर्ण भरा.

२. उद्यानाचा पास ऑनलाइन काढा. नॉर्दर्न टेरिटरीबाहेरच्या पाहुण्यांना २०२३ पासून पास लागतो, आणि घळीपाशी उभं राहून काढू म्हटलं तर तिथे रेंज नसते. वाटेतल्या स्टँडली चॅझम या घळीचं तिकीट निराळं आहे. ती जागा तिथल्या आदिवासी कुटुंबांच्या मालकीची आहे.

३. उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर त्या दिवशीच्या बंद वाटा पाहा. वणवा, पूर किंवा तज्ज्ञांनी लावलेल्या नियंत्रित आगीमुळे एखादी वाट बंद असते.

४. गाडीचा करार वाचा. ‘गावाबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवल्यास विमा नाही’ ही ओळ बहुतेक करारांत असते. कच्च्या रस्त्याबद्दलही अशीच एक असते. ऑर्मिस्टनपर्यंत रस्ता डांबरी आहे, त्यामुळे साधी गाडी पुरते. पहाटे किती वाजता निघता येईल, हे याच कलमावर ठरतं.

५. जेवण बांधून घ्या. ऑर्मिस्टनला छोटं दुकान आहे, पण ते उघडं असेलच या भरवशावर डबा टाळू नका.

६. आवाज शिका, पण पाचच: डस्की ग्रासरेन, झेब्रा फिंच, बजरीगर, क्रेस्टेड पिजन आणि स्पायनी-चीक्ड हनीईटर. पन्नास आवाज ऐकून झोपलात तर सकाळी एकही आठवणार नाही.

## टप्पा ४: सिम्पसन्स गॅप, उजाडताना (६:२५ ते ८:४५)

सिम्पसन्स गॅप गावापासून १८ किलोमीटरवर आहे. नागरी संधिप्रकाश सुरू झाला की, म्हणजे ६:२५ च्या सुमारास, हॉटेल सोडा. विम्याची अट कडक असेल तर ६:४५ ला निघा. वीस मिनिटांचं नुकसान परवडतं, कांगारू बॉनेटवर आलेला परवडत नाही. या वेळी वेग ६० च्या वर नको. कांगारू आडवा आला तर स्टिअरिंग वळवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक दाबायचा. प्राणी चुकवण्याच्या नादात गाडी उलटल्याने माणसं दगावतात.

पार्किंगपासून घळीपर्यंत सपाट वाट आहे, दहा मिनिटांची. ती अर्ध्या तासात चाला.

आधी रॉक वॉलबी, खडकांत राहणारा कांगारूचा छोटा भाऊबंद. घळीच्या तोंडाशी कोसळलेल्या दगडांची दरड आहे. तिथे काळ्या पायांचे रॉक वॉलबी पहाटे ऊन खायला बाहेर येतात. लोक हलणारा प्राणी शोधतात. तो हलत नाही. दगडांच्या रंगात न बसणारी एक वक्र रेषा शोधा. ती त्याची शेपटी असते, काठीसारखी खाली लोंबणारी, टोकाला केसाळ. मग गालावरचा फिकट पट्टा दिसतो, मग कान. एक सापडला की नजर बसते आणि त्याच दरडीवर आणखी तीन-चार दिसू लागतात. दरडीवर चढू नका, टाळ्या वाजवू नका. आणि ‘छोटा कांगारू’ म्हणून खाऊ देऊ नका.

मग डस्की ग्रासरेन. याच्यासाठी लोक दुसऱ्या खंडातून येतात आणि दहा मीटरवर असताना न पाहता परततात. तपकिरी, अंगभर बारीक फिकट रेघा, उभी लांब शेपटी, एकूण सोळा-सतरा सेंटीमीटर. तो उडत नाही म्हटलं तरी चालेल. खडक आणि स्पिनिफेक्सच्या बोचऱ्या गादीमधून उड्या मारत पळतो आणि दूरून उंदीरच वाटतो. रीत अशी:

१. स्पिनिफेक्स असलेला खडकाळ उतार निवडा आणि वाट न सोडता त्याच्या पायथ्याशी थांबा. सूर्य पाठीशी हवा.

२. ऊन उतारावर पोचेपर्यंत थांबा. रात्रीच्या गारव्यानंतर ते ऊन पडलेल्या खडकावर येतात. सावलीतल्या उतारावर शोधून उपयोग नाही.

३. कानावर पातळ, फार उंच पट्टीतली किरकिर आली की दुर्बीण लगेच डोळ्याला लावू नका. आधी उघड्या डोळ्यांनी गवताच्या गादीचं बूड पाहा, शेंडा नव्हे.

४. एक पळाला की त्याच्या मागे पाहू नका, तो जिथून आला तिथे पाहा. हे पक्षी कुटुंबाने हिंडतात. दुसरा आणि तिसरा त्याच मार्गाने येतात.

५. वीस मिनिटं पूर्ण द्या. न दिसल्यास पन्नास मीटर पुढे जाऊन पुन्हा वीस.

सावध: मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. विणीच्या काळात तो पक्षी घरटं सोडून ‘घुसखोर’ शोधत बसतो, आणि या उतारावर रोज कोणीतरी नवा पाहुणा येतच असतो.

तपासा: पावणेनऊपर्यंत निदान एक रॉक वॉलबी पाहिला का? नसेल तर अजून अर्धा तास इथेच काढा, पुढचं एक ठिकाण कापा. उलटं करू नका.

## टप्पा ५: रस्त्यावरचे सव्वाशे किलोमीटर (८:४५ ते १०:३०)

लारापिंटा ड्राइव्ह, मग उजवीकडे नमत्जिरा ड्राइव्ह. गाडी डावीकडून चालते, आपल्यासारखीच. नजर मात्र आपल्यापेक्षा वेगळी ठेवावी लागते. तारांवर ब्राउन फाल्कन, मोकळ्या माळावर हवेत एका जागी तरंगणारा नॅनकीन केस्ट्रेल, आणि रस्त्यावर मेलेल्या कांगारूवर वेज-टेल्ड ईगल. या गरुडाच्या पंखांचा पसारा सव्वादोन मीटरपर्यंत जातो, आणि पोट भरलेलं असलं तर उठायला वेळ लागतो. तो दिसल्याबरोबर वेग कमी करा, शंभर मीटर अलीकडे गाडी पूर्ण डांबराबाहेर घ्या आणि गाडीतच बसून पाहा. गाडी त्याला लपणासारखी. दार उघडलं की गरुड गेला.

या रस्त्यावर होणाऱ्या ओळखीच्या चुका इथेच सांगून टाकलेल्या बऱ्या:

- घारीसारखी दिसते ती खरोखर घारच. ब्लॅक काइट ही आपल्याकडचीच जात, शेपटीला खाच असलेली. तिच्या जोडीने शेपूट गोल असलेली, पंखांखाली फिकट पट्ट्यांची इंग्रजी ‘एम’सारखी नक्षी असलेली दिसली तर ती व्हिसलिंग काइट. शेपूट पाचरीसारखी निमुळती असेल तर गरुड.
- विली वॅगटेल हा नावाने वॅगटेल, पण आपल्या धोब्याचा तो कोणी लागत नाही. तो नाचण कुळातला आहे. शेपूट वरखाली नव्हे, आडवी डोलते.
- कावळ्यांवर वेळ घालवू नका. इथे दोन-तीन जाती शेजारी शेजारी असतात आणि आवाजाशिवाय वेगळ्या करता येत नाहीत.
- झाडाच्या ढोलीपाशी ठोकठोक ऐकू आली तरी सुतार शोधू नका. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षीच नाहीत. ढोल्या वाळवीने आणि मोडलेल्या फांद्यांनी होतात, आणि त्यांच्यासाठी पोपटांची मारामारी असते.
- हिरवा थवा सर्रकन वळत गेला आणि मागे चिरचिर उरली तर ते बजरीगर. महाराष्ट्रात पिंजऱ्यांत ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तेच. रानात ते फक्त हिरवे-पिवळे असतात. निळे-पांढरे माणसाने पैदास करून काढलेले.

कुंपण नसलेल्या भागात गुरं, रानटी घोडे आणि उंट रस्त्यावर येतात. एक गाय ओलांडली की वेग वाढवू नका, तिच्या मागे वासरू असतं.

## टप्पा ६: ऑर्मिस्टन घळ, पाण्याकाठी बसणं (१०:३० ते २:००)

एलिस स्प्रिंग्जपासून हे अंतर १३५ किलोमीटर. पार्किंगमध्ये गाडी लावली की दुर्बीण घेऊन घळीकडे धावू नका, आधी पार्किंगच पाहा. स्पिनिफेक्स पिजन इथे जमिनीवर, अनेकदा माणसांच्या पायांत, दाणे टिपत फिरतो. गेरूच्या रंगाचं गोलमटोल अंग, डोक्यावर सरळ उभा तुरा, डोळ्याभोवती लाल कातडी, पंखांवर काळ्या आडव्या रेघा. थांबला की दगड, चालला की खेळण्यातली चावी दिलेली गाडी. क्रेस्टेड पिजनलाही असाच तुरा असतो, पण तो राखाडी असतो आणि उडताना त्याच्या पंखांतून शिट्टी वाजते. लोक राखाडी पाहून गेरूवाल्यावर खूण करतात.

आता डोह. वाळवंटातल्या पाणवठ्याचं गणित सोपं आहे: जो बी खातो त्याला पाणी प्यावंच लागतं, कारण कोरड्या बियांत ओलावा नाही. झेब्रा फिंच, बजरीगर, कबुतरं, पोपट रोज येतात. किडे आणि मध खाणाऱ्यांना अन्नातूनच बरंच पाणी मिळतं, ते कधी येतात, कधी नाही. शिकारी पक्षी पाण्यासाठी कमी आणि पाण्यावर येणाऱ्यांसाठी जास्त येतात. म्हणून डोहाकाठी बसलं की तिन्ही थर आपोआप समोर येतात.

१. डोहाच्या रुंद, उथळ, वाळूच्या काठासमोर जागा धरा. खोल कड्याच्या बाजूला पक्षी पाणी पीत नाहीत. त्यांना पाय टेकायला उथळ कड लागते.

२. काठापासून १५ ते २० मीटर मागे, रेड गम या निलगिरीच्या जातीच्या झाडाच्या सावलीत, पाठ खडकाला टेकून बसा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती दिसता कामा नये.

३. पहिली दहा मिनिटं काही येणार नाही. इथेच बहुतेक जण उठतात.

४. आधी झेब्रा फिंच. ‘टी-टी’ असा भोंग्यासारखा नाकातला आवाज, मग झुडपात दहा-वीस लाल चोची. ते एकदम पाण्यावर येत नाहीत. झुडूप, खालची फांदी, जमीन, मग पाणी, अशा पायऱ्या उतरतात. कोणी हललं की सगळे पुन्हा वर. पिताना मान वर न करता चोच बुडवून ओढून घेतात, कबुतरांसारखं. त्यामुळे पाच-सहा सेकंदांत काम संपतं.

५. फिंच अचानक एका झटक्यात उठले तर पाण्याकडे पाहू नका, वर पाहा. कड्याच्या कडेने बहिरी ससाणा किंवा हॉबी हा छोटा ससाणा जात असतो. हा इशारा कोणत्याही ॲपपेक्षा भरवशाचा.

६. तासभर बसा. घड्याळ लावून.

उरलेल्या वेळात घळीच्या वरच्या घोस्ट गम टेकडीपर्यंतची वाट चालण्याजोगी आहे, आणि तिथल्या स्पिनिफेक्सच्या उतारावर ग्रासरेनचा दुसरा प्रयत्न होतो. सुमारे ९ किलोमीटरचा ऑर्मिस्टन पाउंडचा फेरा मात्र या दिवसात बसत नाही. तो सकाळी सातला सुरू करायचा असतो, अकराला नव्हे. दुपारच्या उन्हात तो सुरू करून मध्येच पाणी संपलेले लोक सोडवून आणावे लागतात.

डोहात पोहायला परवानगी असते तेव्हाही सनस्क्रीन लावून उतरू नका. तेच पाणी पक्षी पितात. पाणी कमालीचं थंड असतं आणि अचानक उडी मारल्याने श्वास अडकतो.

या दऱ्या आरेन्ट या आदिवासी लोकांच्या भूमीत आहेत. काही जागी फोटो काढू नका किंवा पुढे जाऊ नका असे फलक असतात. तिथे दिसलेला पक्षी यादीत लिहायचा, फोटो विसरायचा. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

## टप्पा ७: दुपार, सरडे-घोरपडी आणि साप (परतीच्या वाटेवर)

पक्षी झोपतात तेव्हा सरपटणारे उठतात. अकरा ते तीन या वेळात पार्किंगच्या कडेचे दगड, लाकडी कुंपणाचे खांब आणि रस्ता पाहा. खांबाच्या टोकावर छाती फुगवून बसलेला बिअर्डेड ड्रॅगन हमखास. दगडांत मोठी, पिवळट ठिपक्यांची घोरपड दिसली तर ती पेरेन्टी असू शकते. ऑस्ट्रेलियातली सर्वांत मोठी घोरपड, पूर्ण वाढीची अडीच मीटरच्या जवळ जाते.

थॉर्नी डेव्हिल हा काटेरी सरडा सगळ्यांना हवा असतो. तो खडकांत नव्हे, वाळूच्या सपाट भागात असतो, मुंग्या खातो आणि रस्ता ओलांडताना सापडतो. गाडीतून तो वाळलेल्या काटकीसारखा दिसतो. फरक इतकाच की काटकीचं एक टोक वर वळलेलं असतं आणि तिची सावली किंचित झुलते. शंका आली की मागे वाहन नाही हे पाहून थांबा. उचलू नका. फार तर ज्या दिशेला चालला होता त्या दिशेला रस्त्याबाहेर जाईपर्यंत गाड्यांना इशारा करा.

कांगारूंची गफलतही इथलीच. डोंगरउतारावर उभा, अंगावर राठ केस, काळं उघडं नाक, कोपरं अंगाशी धरून खांदे मागे: तो युरो. लाल कांगारू मोकळ्या मैदानातला, आणि दुपारी तो एकट्या झाडाच्या सावलीत आडवा पडलेला असतो. डोंगरात पाहिलेला प्रत्येक मोठा कांगारू ‘रेड’ म्हणून लिहिलेल्या याद्या फार.

सावध, सर्पदंश: दगडाखाली किंवा फटीत हात घालू नका, लाकूड ओलांडताना आधी त्यावर पाय द्या. दंश झालाच तर माणसाला जागीच झोपवा. एक रुंद बँडेज दंशावर बांधा, मग दुसरं बोटांपासून वर पूर्ण हाताला किंवा पायाला, मुरगळल्यावर बांधतात तेवढं घट्ट गुंडाळा, काठीचा आधार बांधा, हालचाल पूर्ण बंद. जखम धुऊ नका. कातडीवरच्या विषावरून रुग्णालयात साप ओळखता येतो. चिरणं, चोखणं, दोरी आवळणं नको. आपत्कालीन क्रमांक ०००. भारतात घोणस-फुरशाच्या दंशाला असं घट्ट बांधत नाहीत, त्यामुळे आपल्याकडून गेलेला माणूस इथे बँडेज टाळतो. ऑस्ट्रेलियातल्या विषारी सापांचं विष लसिकावाहिन्यांतून पसरतं आणि दाब देऊन ते थोपवणं हाच तिथला ठरलेला उपचार आहे.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालू लागू नका. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही.

## टप्पा ८: संध्याकाळ गावाजवळ (४:०० ते ६:१५)

सूर्यास्ताला गावात असायचं, म्हणून ऑर्मिस्टन दोनला सोडायचं. परतीत वाटेतल्या एलरी क्रीकला थांबायचा मोह होतो. एकदाच, वीस मिनिटं.

चारनंतर दोन पर्याय आहेत, दोन्ही करायला जाऊ नका.

तळी. गावाबाहेर इलपार्पाला सांडपाण्याची तळी आहेत. वास येतो, पण या परिसरात एका जागी एवढे पाणपक्षी सहसा दुसरीकडे दिसत नाहीत. पिंक-इअर्ड डक, होरी-हेडेड ग्रीब, रेड-नेक्ड ॲव्होसेट, रेड-नीड डॉटरेल. सप्टेंबरपासून उत्तरेकडचे स्थलांतरित पाणटिलवे उतरू लागतात. चांदवा, म्हणजे काहींचा वारकरी, आपल्याकडचाच. शेकाट्यासारखा काळा-पांढरा लांब पायांचा मात्र जवळचा भाऊबंद, पाइड स्टिल्ट. तळी पॉवर अँड वॉटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात आहेत; आत जाण्याचे नियम आधीच विचारून ठेवा, फाटकावर जाऊन गयावया करू नका. स्कोप इथे लागतो, आणि ऊन पाठीशी यावं म्हणून पश्चिमेच्या काठावरून पाहायचं.

ऑलिव्ह पिंक वनस्पती उद्यान. स्कोप नसेल, मुलं असतील, थकवा असेल तर हे. वेस्टर्न बोवरबर्ड इथे काड्यांची दोन समांतर भिंतींची गल्ली रचतो आणि तिच्या तोंडाशी हाडं, शंख, पांढरे खडे, हिरवी फळं, हिरवी काच मांडतो. नराच्या मानेवरचा जांभळट गुलाबी तुरा तो फक्त उत्तेजित झाल्यावर फुलवतो, एरवी पक्षी ठिपक्यांचा तपकिरीच. गल्लीपासून दूर बसा आणि आवाजावर विश्वास ठेवू नका. हा नकला करतो, मांजराच्याही. त्याच्या मांडणीत काही ठेवू किंवा हलवू नका. दारं किती वाजता बंद होतात ते सकाळीच पाहून ठेवा.

रात्रीचे प्राणी हवेत म्हणून अंधारात गाडी काढू नका. सशासारख्या लांब कानांची बिल्बी आणि तिच्यासारखे दुर्मिळ प्राणी एलिस स्प्रिंग्ज डेझर्ट पार्कच्या निशाचर दालनात दिसतात; तिथली रात्रीची फेरी आधी आरक्षित करावी लागते.

## टप्पा ९: त्याच रात्री यादी

प्रत्येक ठिकाणाची यादी वेगळी करा: सिम्पसन्स गॅप, रस्ता, ऑर्मिस्टन, तळी. सगळं एकत्र ‘एलिस स्प्रिंग्ज’ म्हणून टाकलेली नोंद कोणाच्या उपयोगाची नाही, कारण ग्रासरेन तळ्यावर राहत नाही. सुरुवात-शेवटची वेळ आणि चाललेलं अंतर लिहा. संख्या मोजलेली असू द्या; फिंच ‘खूप’ नव्हे, ‘६०’. ॲपने आवाजावरून सुचवलेलं नाव डोळ्यांनी पाहिलेलं नसेल तर तसं टिपणात लिहा. आणि कावळा नुसता ‘कावळा, जात नक्की नाही’ असाच राहू द्या, तशी नोंद करायची सोय यादीच्या ॲपमध्ये असते.